जर्मनीचा जिल्हा आणि जर्मनीचे गाव

जर्मनीतील कोणत्याही हमरस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहून धावत्या मोटारींच्या पाट्या न्याहाळल्या, तर प्रत्येक पाटीच्या आरंभी एक, दोन किंवा तीन रोमन अक्षरे आढळतात; आणि मोटार कोणत्या घटकराज्यातली आहे हे ती अक्षरे सांगत नाहीत, तर कोणत्या जिल्ह्याच्या अथवा जिल्ह्याचा दर्जा लाभलेल्या कोणत्या शहराच्या दप्तरी तिची नोंद झाली आहे, तेवढे सांगतात. 'एम' म्हणजे म्युनिक, 'के' म्हणजे कोलोन. घटकराज्याची खूण उरते ती पाटीवरील एका लहानशा गोल शिक्क्यापुरती. सामान्य जर्मन माणसाचा शासनसंस्थेशी जो नित्याचा व्यवहार असतो, मग तो जन्माच्या दाखल्याचा असो, घराच्या नकाशाच्या मंजुरीचा असो, की पाणी, कचरा आणि बालवाडी यांचा असो, त्यातला बहुतेक भाग राजधानी बर्लिनशी नव्हे, तर याच जिल्ह्याशी आणि त्याच्या पोटातील गावाशी निगडित असतो.

शिस्तप्रिय आणि वरून आलेला हुकूम शिरसावंद्य मानणारे राष्ट्र अशी जर्मनीची जी प्रतिमा आपल्याकडे रूढ आहे, तिच्याशी या व्यवस्थेचा मेळ सहजासहजी बसत नाही. तेथील कायद्याच्या दृष्टीने गावाचा अधिकार ही राज्याने कृपावंत होऊन दिलेली सनद नव्हे; तो मुळातच गावाचा आहे असे गृहीत धरलेले असून, गावाकडील एखादे काम जिल्ह्याकडे किंवा राज्याकडे न्यावयाचे झाल्यास ते का न्यावयाचे हे सिद्ध करण्याची जबाबदारी नेणाऱ्यावर असते. हे तत्त्व कसे आले, ते कसे चालते आणि त्याची किंमत काय पडते, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम एकंदर रचना ध्यानात घेऊ. जर्मनी हे 16 घटकराज्यांचे संघराज्य आहे. त्यांपैकी बर्लिन, हाम्बुर्ग आणि ब्रेमेन ही नगरराज्ये, म्हणजे एकाच वेळी शहरही आणि राज्यही. उरलेली 13 विस्तृत मुलखाची राज्ये. या राज्यांच्या पोटात 294 ग्रामीण जिल्हे आहेत, ज्यांना 'लांडक्राइस' किंवा नुसते 'क्राइस' म्हणतात. आणि कोणत्याही जिल्ह्याच्या अखत्यारीत न येणारी, जिल्ह्याची सर्व कामे स्वतःच पाहणारी शंभराहून अधिक स्वतंत्र शहरे आहेत. सर्वांत तळाशी 'गेमाइंडे' ही मूळ संस्था असते. ती दहा वस्तीचे खेडेही असू शकते आणि पंधरा लाख वस्तीचे म्युनिकही; अशा संस्थांची देशभरातील संख्या दहा हजारांच्या वर जाते. बव्हेरिया, बाडेन-व्युर्टेम्बेर्ग, हेसेन आणि नोर्डराइन-वेस्टफालेन या चार मोठ्या राज्यांत राज्य आणि जिल्हा यांच्या दरम्यान प्रशासकीय विभाग आहेत व त्यांवर राज्यसरकारने नेमलेला अधिकारी असतो. लोअर सॅक्सनीने मात्र असले विभाग 2004च्या अखेरीस मोडून टाकले. स्थानिक कारभाराचा कायदा करणे हे संघराज्याचे नव्हे, तर घटकराज्यांचे काम असल्यामुळे महापौराची मुदत, सभासदांची संख्या आणि मतदानाची तऱ्हा या गोष्टी राज्याराज्यांत भिन्न आढळतात. 2006 साली राज्यघटनेत झालेल्या दुरुस्तीनंतर तर संघसरकारला आपल्या कायद्याने एखादे नवे काम थेट गावाच्या गळ्यात बांधण्याचीही मुभा उरलेली नाही.

या व्यवस्थेचा उगम एका दारुण पराभवात आहे. 1806च्या ऑक्टोबरात येना आणि आउअरश्टेट येथे नेपोलियनने प्रशियाच्या सैन्याची धूळधाण केली, पुढल्या वर्षी टिल्सिटच्या तहाने त्या राज्याचा जवळजवळ अर्धा मुलूख हिरावून घेतला, आणि पळालेले राजघराणे पूर्वेच्या टोकाला क्योनिग्सबेर्ग येथे आश्रयाला जाऊन राहिले. हे राज्य एका फटक्यासरशी का कोसळले याचा विचार करणाऱ्यांत फ्राइहेर फोम श्टाइन हा मंत्री प्रमुख होता, आणि त्याचे निदान असे की, जेथे प्रजेला राज्यकारभारात हात घालण्याची कधी सवयच लावलेली नाही, तेथे संकटसमयी प्रजा तटस्थ बघ्यासारखी उभी राहते. म्हणून 19 नोव्हेंबर 1808 रोजी त्याने प्रशियातील शहरांसाठी नवा नगरकायदा जारी करविला. त्याच्या मसुद्यात क्योनिग्सबेर्गचा पोलीसप्रमुख योहान गोटफ्रीड फ्राय याचा मोठा वाटा होता. या कायद्याने शहरांचा जमाखर्च, शाळा, गोरगरिबांची व्यवस्था ही कामे नागरिकांनी निवडून दिलेल्या सभेकडे सोपविली, सभासदांची निवड व्यवसायांच्या जुन्या श्रेणींनुसार न होता पेठापेठांतून व्हावी असे ठरविले, आणि सभासदत्व हे विनावेतन करावयाचे नागरिकाचे कर्तव्य मानले. न्यायदान आणि पोलीस यांवरील अधिकार तेवढा राज्याने आपल्याकडे राखला. कायदा निघाल्यावर आठवडाही लोटला नाही तोच नेपोलियनच्या दडपणाखाली श्टाइनला पदावरून दूर व्हावे लागले. पण कायदा टिकला.

तो टिकला म्हणजे लगेच लोकसत्ता अवतरली असे मात्र समजू नये. मताधिकार मालमत्तेशी जखडलेला होता. आणि पुढे प्रशियात त्रिवर्ग मतदानाची जी पद्धत आली, तिच्यात मतदारांची विभागणी त्यांनी भरलेल्या कराच्या प्रमाणात होऊन प्रत्येक वर्गाला सारख्याच जागा मिळत. याचा परिपाक असा की, पोलादाच्या कारखान्यांसाठी विख्यात असलेल्या एसेन शहरात काही काळ पहिल्या वर्गात क्रुप घराण्याचा कारखानदार हा एकटाच मतदार होता, आणि नगरसभेचे एकतृतीयांश सभासद त्याच्या एका मतावर निवडून येत. ग्रामीण मुलखात तर जमीनदारांच्या गढीवरूनच पोलीसअंमल चाले. तो 1872च्या जिल्हाकायद्याने पूर्व प्रांतांतून संपुष्टात आला.

तथापि स्थानिक कारभार म्हणजे केवळ मानापानाचा विषय नसून जीवनमरणाचा आहे, हे त्याच शतकाच्या अखेरीस एका भीषण प्रसंगाने सिद्ध केले. 1892च्या उन्हाळ्यात हाम्बुर्ग शहरात पटकीची साथ उद्भवून काही आठवड्यांत साडेआठ हजारांवर माणसे दगावली. हाम्बुर्गला लागूनच आल्टोना हे प्रशियाच्या हद्दीतील शहर होते. दोन्ही शहरे एकाच एल्बे नदीचे पाणी पीत, आणि आल्टोना तर नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे हाम्बुर्गची घाण वाहून येणाऱ्या बाजूला होते. परंतु आल्टोनाच्या नगरसंस्थेने वाळूतून पाणी गाळण्याची यंत्रणा उभारली होती, आणि हाम्बुर्गच्या व्यापारी कारभाऱ्यांनी ते खर्चाचे काम वर्षानुवर्षे लांबणीवर टाकले होते. रोग त्या दोन शहरांच्या हद्दीवर येऊन जवळजवळ थबकला, आणि रॉबर्ट कॉख यांनी आपल्या निरीक्षणांत या हद्दीकडे मुद्दाम बोट दाखविले. नळाचे पाणी, भुयारी गटारे, वायू आणि वीज यांसाठी जर्मन शहरांनी त्या काळात जो अफाट पैसा ओतला आणि हे उद्योग बहुधा स्वतःच्या मालकीचे ठेवले, त्याचे मर्म अशा अनुभवांत आहे.

1919च्या वायमार राज्यघटनेने स्वशासनाचा हक्क लेखी मान्य केला, पण त्याला चौदा-पंधरा वर्षांचेच आयुष्य लाभले. 30 जानेवारी 1935 रोजी नाझी राजवटीने सर्व देशाला एकच नगरकायदा लागू करून निवडणुका रद्द केल्या, महापौर वरून नेमण्याची रीत पाडली आणि प्रत्येक नगरसंस्थेवर पक्षाचा एक प्रतिनिधी देखरेखीला बसविला. कोनराड आडेनाउअर हे 1917पासून कोलोनचे महापौर होते. त्यांना 1933 सालीच नाझींनी बडतर्फ केले. 1945 साली अमेरिकनांनी त्यांना पुनश्च त्या खुर्चीवर बसविले आणि काही महिन्यांतच ब्रिटिश लष्करी अंमलदारांनी पुन्हा बरखास्त केले. हाच दोनदा काढला गेलेला महापौर 1949 साली नव्या पश्चिम जर्मनीचा पहिला चॅन्सेलर झाला.

युद्धोत्तर काळात देशाचे तुकडे करून बसलेल्या विजेत्यांनी आपापल्या टापूंत आपापल्या रीती रुजविल्या. ब्रिटिशांनी आपल्याकडील धर्तीवर शोभेचा मानसेवी महापौर एक आणि प्रत्यक्ष कारभार हाकणारा पगारी नगरसंचालक दुसरा, अशी दुहेरी व्यवस्था वायव्येकडे लागू केली. ती नोर्डराइन-वेस्टफालेनमध्ये 1999पर्यंत पूर्णपणे मोडीत निघाली. दक्षिणेकडे मात्र लोकांनी थेट निवडून दिलेला, सभेचे अध्यक्षपद आणि कचेरीचे प्रमुखपद दोन्ही सांभाळणारा महापौर हीच परंपरा होती, आणि 1990च्या दशकात ती जवळजवळ सर्व राज्यांनी उचलली. पूर्वेकडील साम्यवादी राजवटीने 1952 साली घटकराज्येच मोडून त्यांच्या जागी 14 प्रशासकीय विभाग निर्माण केले होते. तेथे गावाचा हक्क परत आला तो 1990च्या मे महिन्यात, दोन्ही जर्मनींच्या एकीकरणाच्या काही महिने आधी.

1949च्या राज्यघटनेतील 28वा अनुच्छेद हा या साऱ्या इमारतीचा पाया होय. स्थानिक समाजाच्या सर्व बाबींचा कारभार कायद्याच्या चौकटीत राहून स्वतःच्या जबाबदारीवर पाहण्याचा हक्क गावांना हमखास असलाच पाहिजे, असे तो अनुच्छेद म्हणतो; जिल्ह्यांनाही स्वशासनाचा हक्क तो देतो, पण कायदा जेवढे कार्यक्षेत्र नेमून देईल तेवढ्यापुरताच. हा भेद वरवर पाहता बारीक वाटतो. 1988 साली लोअर सॅक्सनीतील रास्टेडे या गावाच्या फिर्यादीत त्याचे खरे वजन कळून आले. कचऱ्याची विल्हेवाट लावण्याचे काम राज्याने कायदा करून गावाकडून जिल्ह्याकडे सोपविले, आणि त्याविरुद्ध गावाने थेट संघराज्याच्या घटना न्यायालयापर्यंत धाव घेतली. अशी धाव घेण्याचा अधिकार जर्मनीत गावाला आहे. निकाल गावाच्या विरुद्ध गेला, कारण कचऱ्याच्या बाबतीत काम जिल्ह्याकडे नेण्याचे कारण न्यायालयाला पटले. परंतु निकाल देताना न्यायालयाने जे तत्त्व सांगितले ते सर्व गावांच्या पथ्यावर पडले. ते असे की, स्थानिक स्वरूपाचे काम हे मूलतः गावाचेच समजले पाहिजे, आणि कारभार सुटसुटीत होईल किंवा जबाबदारीची वाटणी स्पष्ट होईल एवढ्याच सबबीवर ते गावाकडून काढून घेता येणार नाही. खटला हरूनही वादी जिंकला, असे ज्याचे वर्णन करावे त्यांपैकी हा खटला होय.

आता गावाच्या कामाकडे वळू. पाणी, सांडपाणी, अग्निशमन, स्मशानभूमी, बालवाड्या, गावातील रस्ते आणि कोणत्या जागेवर काय बांधावयाचे याचा आराखडा ही गावाची खास कामे. शाळेचे उदाहरण मोठे उद्बोधक आहे : शाळेची इमारत, बाके, पहारेकरी आणि कारकून यांचा खर्च सामान्यतः गाव किंवा जिल्हा करतो, पण वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकाची नेमणूक आणि वेतन राज्याकडे असते, म्हणजे छप्पर गळले तर महापौराकडे जावयाचे, आणि गणिताचा शिक्षक मिळाला नाही तर राज्याच्या शिक्षणखात्याकडे. आग विझविण्याचे काम मोठ्या शहरांत पगारी दले करतात. बाकी सर्व देशभर ते स्वयंसेवकांच्या हाती आहे, आणि भोंगा वाजताच सुतार, शेतकरी किंवा बँकेतला कारकून हातचे काम टाकून बंबाकडे धावतो.

लहानातल्या लहान गावाचा नमुना पाहावयाचा तर उत्तर समुद्रातील ग्र्योडे या बेटाकडे जावे लागते. श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याच्या नोर्डफ्रिसलांड जिल्ह्यात मोडणाऱ्या या बेटाला समुद्राच्या उधाणापासून रक्षण करणारा उंच बंधारा नाही; वादळात पाणी चढले की कुरणे बुडून जातात आणि मातीचे उंचवटे रचून त्यांवर बांधलेली मोजकी घरे तेवढी पाण्यावर राहतात. वस्ती दहाच्या आसपास; तरीही ही स्वतंत्र गेमाइंडे आहे. त्या राज्यात सत्तर किंवा त्याहून कमी वस्तीच्या गावाने सभासद निवडावयाचे नसून सर्व मतदारांनी एकत्र बसून निर्णय घ्यावयाचा असतो, आणि राज्यघटनेच्या 28व्या अनुच्छेदानेही ग्रामसभेची ही मुभा स्पष्टपणे दिलेली आहे. लेखी कामकाजासाठी अशी गावे मिळून एक सामाईक कचेरी ठेवतात.

दुसऱ्या टोकाला म्युनिक. तेथील नगरसभेत 80 सभासद असतात, आणि बव्हेरियाच्या पद्धतीप्रमाणे मतदाराला जेवढ्या जागा तेवढी, म्हणजे 80 मते मिळतात. ती सर्व एका पक्षाच्या यादीला देता येतात. पण मनात आल्यास एका आवडत्या उमेदवाराला तीनपर्यंत मते देऊन उरलेली निरनिराळ्या पक्षांच्या यादीतील माणसांत वाटताही येतात. एवढ्या नावांची मतपत्रिका मेजावर पसरली म्हणजे मेजच झाकून जाते, आणि मोजदादीला दिवस लागतात; परंतु यादीच्या शेपटाला टाकलेला एखादा लोकप्रिय डॉक्टर किंवा शिक्षक पक्षाच्या इच्छेविरुद्ध वर चढून येतो तो याच मार्गाने. बव्हेरियात 1995च्या सार्वमताने नागरिकांना आणखी एक हत्यार मिळाले : पुरेशा सह्या गोळा झाल्या की नगरसभेचा एखादा निर्णय थेट लोकांच्या मतास टाकता येतो. 2004 साली म्युनिककरांनी या मार्गाने, अगदी काठावरच्या बहुमताने, शहरात शंभर मीटरांहून उंच इमारती नकोत असा कौल दिला. फ्राउएनकिर्खे या जुन्या देवळाच्या मनोऱ्यांची उंची तेवढीच आहे.

जिल्ह्याची गोष्ट निराळी आणि अधिक गुंतागुंतीची. एकट्या गावाला न पेलणारी कामे, उदाहरणार्थ रुग्णालये, व्यवसायशाळा, जिल्हामार्ग, कचरा, समाजकल्याण आणि निराधार मुलांचे संगोपन, जिल्हा पाहतो. त्याची निवडलेली सभा असते, आणि प्रमुखाला 'लांडराट' म्हणतात. आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्याची नेमणूक वरून होते आणि जिल्हा परिषद त्याच्या शेजारी निराळी उभी असते. लांडराटाच्या ठायी हे दोन्ही अधिकार बव्हंशी एकवटलेले असतात. तो बहुतेक राज्यांत लोकांनी थेट निवडलेला आणि काही राज्यांत जिल्हासभेने निवडलेला असतो, आणि तरीही मोटारींची नोंद, बांधकामाचे परवाने, परदेशी नागरिकांचे वास्तव्यपरवाने व लहान गावांवरील देखरेख ही राज्याची कामे त्याच्याच कचेरीतून होतात. नोर्डराइन-वेस्टफालेनमध्ये तर पुष्कळ जिल्ह्यांत तो पोलिसांचाही प्रमुख असतो. राज्याने खालपर्यंत स्वतःचे वेगळे अंमलदार न पाठवता लोकनियुक्त संस्थेलाच आपले काम सोपवावे, हा त्या व्यवस्थेचा गाभा होय.

अर्थात राज्य आपले काम सोपविते तेव्हा देखरेखीचा हक्कही राखते, आणि येथे जर्मन कायद्याने एक नाजूक रेषा आखली आहे. गावाच्या स्वतःच्या कामात वरिष्ठाने एवढेच पाहावयाचे की, कायद्याचा भंग तर झाला नाही ना. निर्णय शहाणपणाचा आहे की खुळेपणाचा, हे विचारण्याचा त्याला अधिकार नाही. सोपविलेल्या कामात मात्र काय करावे आणि कसे करावे याचे हुकूमही वरून येऊ शकतात. पोहण्याचा तलाव बांधावयाचा की ग्रंथालय, हा गावाचा प्रश्न. पारपत्र कसे द्यावयाचे, हा गावाचा प्रश्न नव्हे, यद्यपि दोन्ही कामे त्याच इमारतीत चालतात.

पुण्यामुंबईहून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे जाणाऱ्या मराठी तरुणाला या रेषेचा प्रत्यय पहिल्याच पंधरवड्यात येतो. घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, घरमालकाने दिलेला लेखी दाखला घेऊन, त्याला गावाच्या किंवा शहराच्या नागरिक-कचेरीत आपल्या पत्त्याची नोंद करावी लागते. या नोंदीनंतर करक्रमांक घरी येतो, आणि पुढली पुष्कळशी कामे तिच्यावाचून अडतात. वास्तव्यपरवान्यासाठी मात्र तो लहान गावात राहत असेल तर बहुधा जिल्ह्याच्या ठाण्याला जावे लागते, आणि म्युनिकमध्ये राहत असेल तर शहराच्याच एका खात्याकडे. त्या खात्याच्या नावातच 'जिल्हाप्रशासन' हा शब्द आहे, कारण स्वतंत्र शहर हे स्वतःचा जिल्हा स्वतःच असते. श्टुटगार्टचे मुंबईशी 1968पासून भगिनीशहराचे नाते आहे, आणि असला परदेशी संबंध जोडणे हाही तेथे शहराच्या स्वतःच्या अधिकारातला विषय आहे.

अधिकार असला तरी पैसा नसेल तर तो कागदावरच राहतो. म्हणून गावाच्या उत्पन्नाची काही साधने राज्यघटनेनेच राखून ठेवली आहेत : जमीनमहसुलाच्या जातीचा मालमत्ताकर, धंद्यांवरील व्यवसायकर, आणि रहिवाशांच्या आयकरातील 15 टक्के वाटा. यांपैकी व्यवसायकराचा दर ठरविण्याची रीत मोठी चतुर आहे. संघाच्या कायद्याने नफ्याच्या साडेतीन टक्के हा मूळ आकडा ठरवून दिलेला असून, त्याला किती पटीने गुणावयाचे ते प्रत्येक गाव आपल्या ठरावाने ठरविते; म्युनिकचा गुणक 490 टक्के आहे, म्हणजे कर सतरा टक्क्यांच्या थोडा वर जातो. साहजिकच गावागावांत चढाओढ लागते. नोर्डफ्रिसलांड जिल्ह्यातच, समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर वसलेले नोर्डरफ्रीडरिक्सकोग नावाचे मूठभर शेतकऱ्यांचे खेडे आहे. त्याने आपला गुणक शून्यच ठेवला होता. परिणामी शेकडो कंपन्यांनी आपले नोंदलेले कार्यालय तेथे थाटले, आणि शेतघरांतील रिकाम्या खोल्या व माळे यांना भाडे येऊ लागले. अखेर 2004पासून गुणक 200 टक्क्यांहून कमी असता कामा नये असा कायदा होऊन तो सुकाळ संपला. जिल्ह्याला मात्र म्हणण्याजोगा स्वतःचा कर नाही. तो आपल्या गावांकडून दरसाल वर्गणी वसूल करतो, आणि तिचा दर किती असावा यावरून लांडराट आणि महापौर यांच्यात दरवर्षी वादंग माजते.

गाव केवढे असावे आणि जिल्हा केवढा असावा, हा प्रश्न आजही तेथे सुटलेला नाही. 1967 ते 1978 या काळात पश्चिम जर्मनीतील राज्यांनी कार्यक्षमतेच्या नावाने मोठी काटछाट केली : सुमारे 24,000 गेमाइंडे होत्या त्यांच्या साडेआठ हजार झाल्या, 425 जिल्ह्यांचे 237 झाले, आणि एकट्या बव्हेरियात 1 जुलै 1972 रोजी 143 जिल्ह्यांचे 71 करण्यात आले. हेसेन राज्याने तर 1 जानेवारी 1977 रोजी गीसेन आणि वेट्झलार ही दोन जुनी शहरे आणि आसपासची गावे एकत्र करून, मधून वाहणाऱ्या नदीच्या नावावरून 'लान' नावाचे नवे शहर नकाशावर निर्माण केले. हिशेबाच्या दृष्टीने योजना निर्दोष होती. पण आपण लान शहराचे रहिवासी आहोत असे मानावयास कोणीच तयार होईना, आणि 1979च्या उन्हाळ्यात ते शहर विसर्जित करावे लागले. त्याला मोटारीच्या पाटीसाठी 'एल' हे एकच अक्षर मिळाले होते. पुढे दोन्ही जर्मनी एक झाल्यावर ते लाइप्झिगकडे गेले. 2012पासून नष्ट झालेल्या जिल्ह्यांची जुनी अक्षरे पाटीवर पुन्हा लावण्याची परवानगी मिळाली, तेव्हा वेट्झलारसह शेकडो गावांच्या लोकांनी ती हौसेने लावून घेतली.

या बाबतीत राज्याराज्यांनी अगदी उलट मार्ग धरले आहेत. नोर्डराइन-वेस्टफालेनमध्ये एक कोटी ऐंशी लाख लोकांना 396 गेमाइंडे पुरतात. शेजारच्या ऱ्हाइनलांड-फाल्ट्समध्ये जेमतेम चाळीस लाख लोकांसाठी सुमारे 2,300 आहेत. त्या राज्याने खेडी बुडविली नाहीत. दहापंधरा खेड्यांचा एक संघ करून पगारी कचेरी संघाकडे दिली, आणि प्रत्येक खेड्याचा मानसेवी मुखिया व त्याची सभा जागच्या जागी ठेवली. पूर्वेकडील मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्यात लोक रोजगारासाठी गाव सोडून गेल्यामुळे कारभाराचा खर्च परवडेनासा झाला, तेव्हा तेथील विधानसभेने 12 जिल्हे आणि 6 स्वतंत्र शहरे मोडून पाचच अवाढव्य जिल्हे करण्याचा कायदा केला. त्या राज्याच्या घटना न्यायालयाने 2007च्या जुलैत तो रद्द ठरविला, आणि त्याचे कारण मननीय होते : जिल्हासभेचे सभासद हे आपापला धंदा सांभाळून मानसेवी काम करणारे नागरिक असतात, आणि सभेला पोहोचावयास त्यांना किती अंतर तोडावे लागेल, एवढ्या विस्तीर्ण मुलखाची माहिती त्यांना कितपत ठेवता येईल, याचा पुरेसा विचार कायदा करणाऱ्यांनी केला नव्हता. 2011 साली सहा जिल्हे आणि दोन स्वतंत्र शहरे अशी तडजोड झाली. तरीही त्यांतील मेक्लेनबुर्गी सरोवरांचा जिल्हा क्षेत्रफळाने झारलांड या संबंध घटकराज्याच्या दुपटीहून मोठा आहे. ब्रांडेनबुर्ग राज्याने तर 2017 साली अशीच योजना लोकांचा विरोध पाहून स्वतःहून मागे घेतली.

या व्यवस्थेचे दोष झाकण्याचे कारण नाही. श्रीमंत गाव आणि कर्जबाजारी गाव यांतील दरी राज्याच्या अनुदानांनी पुरती बुजत नाही. एकच अर्ज एका जिल्ह्यात आठवड्यात निकालात निघतो आणि दुसऱ्यात महिनोन्महिने रखडतो. कामाचा बोजा राज्ये आणि संघ वाढवीत नेतात, पण त्यासाठी लागणारा पैसा पुरेसा देत नाहीत, ही तक्रार तर प्रत्येक महापौराच्या तोंडी असते. 2020च्या महामारीत संसर्गितांचा माग काढण्याची कामगिरी जिल्ह्यांच्या आरोग्य-कचेऱ्यांवर येऊन पडली, निर्बंधांचे मापही जिल्हावार आकड्यांवरून ठरू लागले, आणि दोन लगतच्या जिल्ह्यांत दोन नियम पाहून लोक त्रस्त झाले. परंतु या दोषांवर एकजिनसी, वरून चालणाऱ्या कारभाराचा उपाय सुचविणाऱ्याला तेथे आधी हे दाखवून द्यावे लागते की, प्रस्तुत काम गावाच्या हातून खरोखरच होत नाही. केवळ ते वर नेल्यास स्वस्त पडेल एवढे म्हणून भागत नाही. पराभूत प्रशियाच्या एका मंत्र्याने जे नागरिकांच्या अंगी बाणावे म्हणून कायद्याने लादले, ते दोनशे वर्षांनंतर नागरिकांच्या हाती राज्याविरुद्ध न्यायालयात चालणारा हक्क होऊन बसले आहे; आणि तो चालविण्यासाठी संध्याकाळचा वेळ काढून विनावेतन सभेला बसणारी माणसे जोपर्यंत मिळत राहतील, तोपर्यंतच त्याला अर्थ आहे, हेही मेक्लेनबुर्गच्या न्यायाधीशांनी त्याच निकालाने सांगून ठेवले आहे.